दिवा घेजो : विडंबनाचा खेळ वऱ्हाडात का जन्मला नाही?

#धागा #वऱ्हाड #मराठी_संगणन

१/
१९८५ साली ब्रिटनमध्ये घरगुती संगणकासाठी एक खेळ निघाला : 'बोअर्ड ऑफ द रिंग्ज'. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुतरम्य महाकादंबरीचे ते उघड विडंबन होते. चित्रे मोजकी, बाकी सारा मजकूर आणि त्यात पानोपानी थट्टा. अशा खेळांचा विषय निघाला की आपल्याकडे एक शेरा ठरलेला असतो : "हे इंग्रजांचे चाळे, आपला काय संबंध?" या शेऱ्याचा प्रतिवाद करण्यासाठी हा धागा आहे. संबंध जवळचा आहे आणि वऱ्हाडाशी तर फारच जवळचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

२/
प्रथम हा प्रकार समजून घेऊ. याला 'टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर' म्हणत. संगणक तुम्हाला सांगतो की तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर दार आहे, कोपऱ्यात दिवा आहे. तुम्ही टंकता : उत्तरेला जा, दिवा घे, दार उघड. संगणक ते वाक्य फोडून अर्थ लावतो आणि पुढे काय घडले ते सांगतो. वाक्य फोडणाऱ्या भागाला 'पार्सर' म्हणतात. म्हणजे हा खेळ सर्वस्वी भाषेवर उभा आहे. ज्याची भाषा यंत्राला कळते तोच पुढे जातो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो कळीचा ठरणार आहे.

३/
या प्रकाराचा उगम एका खऱ्या गुहेत आहे. विल क्राउथर हा अमेरिकी प्रोग्रामर गुहांचा शोध घेणारा होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या आठवणींवर त्याने १९७५-७६ च्या सुमारास 'कलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' रचला आणि १९७७ साली डॉन वूड्सने त्यात भर घातली. आपल्या परिसरातील एक भुयार, त्याविषयीच्या कल्पना आणि वाट चुकण्याची भीती एवढेच त्याचे मूळ भांडवल होते.

४/
१९८२ साली ऑस्ट्रेलियातील बीम सॉफ्टवेअरने 'द हॉबिट' काढला. व्हेरोनिका मेगलर आणि फिलिप मिचेल हे त्याचे प्रमुख कर्ते. खेळ विलक्षण गाजला, पण त्यातील पात्रे स्वतःच्या मर्जीने वागत. तुम्ही जीव मुठीत धरून उभे असावे आणि सोबतच्या थोरिनने खाली बसून सोन्याचे गाणे सुरू करावे! हा प्रसंग खेळणाऱ्यांत इतका प्रसिद्ध झाला की त्याची थट्टा होणे अटळ होते.

५/
ती थट्टा केली फर्गस मॅकनील या शाळकरी वयाच्या मुलाने आणि त्याच्या 'डेल्टा ४' या मित्रमंडळाने. हाताशी होते १९८३ साली निघालेले 'द क्विल' हे साधन. वेल्समधील गिलसॉफ्टसाठी ग्रॅम येंडल यांनी ते तयार केले होते. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही त्यात ठिकाणे, शब्द आणि उत्तरे भरून खेळ बनवता येई. १९८५ साली 'बोअर्ड ऑफ द रिंग्ज' आणि १९८६ साली 'द हॉबिट'ची फिरकी घेणारा 'द बॉगिट' आला. याच मंडळाने १९८६ साली टेरी प्रॅचेट यांच्या 'द कलर ऑफ मॅजिक'वरही खेळ केला. म्हणजे थट्टा करणाऱ्यांचा हात धरूनच एका विनोदी लेखकाचे पुस्तक संगणकावर आले.

६/
आता पहिला आक्षेप. "विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलणे. त्यात निर्मिती कुठे आहे?" हा आक्षेप घेणाऱ्याने विडंबन कधी लिहून पाहिलेले नसते. मूळ कृतीची लय, तिचे लाडके शब्द आणि तिच्या खोडी मुखोद्गत असल्याशिवाय विडंबन साधत नाही. 'केशवकुमार' या नावाने अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली, ती रविकिरण मंडळाच्या काळातील कविता कोळून प्यायल्यावरच. विडंबनकार हा मूळ कृतीचा सर्वांत बारकाईने वाचणारा वाचक असतो.

७/
मराठी विनोदाचा हा वारसा सांगताना पुण्या-मुंबईची नावे भराभर घेतली जातात. पण ज्यांना मराठी विनोदी लेखनाचे जनक म्हणतात ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली कुठे करीत होते? अकोला, खामगाव, जळगाव जामोद. 'सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे' १९१० साली निघाले, त्याची वाढीव आवृत्ती 'साहित्य बत्तिशी' १९२३ साली आली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट सण, शकुन, सभा, संमेलने अशा प्रत्येक भारदस्त गोष्टीत शिरते आणि तिची हवा काढून बाहेर पडते. चोरांनी संमेलन भरवले तर कसे होईल, ही कल्पना त्यांचीच.

८/
याच कोल्हटकरांनी 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथही लिहिला. वकिलाचा युक्तिवाद, गणितज्ञाची काटेकोर मांडणी आणि विडंबनकाराची नजर हे तिन्ही गुण एकाच माणसात होते. विनोदी टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर रचणाऱ्याला नेमके हेच तीन गुण लागतात. कुठल्या कृतीनंतर काय घडेल याचा हिशेब पक्का हवा आणि उत्तर हसवणारे हवे. कोल्हटकर १९३४ साली निवर्तले, तेव्हा असे यंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हते. तरीही त्या यंत्राला लागणारी बुद्धी वऱ्हाडात नांदत होती, हे नोंदवायलाच हवे.

९/
"पण खेळात संवाद असतो, पुस्तकात नाही," असे कुणी म्हणेल. मग गाडगेबाबांकडे वळा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यात, मामाच्या घरी. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. बाबा वऱ्हाडीत प्रश्न टाकीत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. श्रोता गप्प राहिला तर कीर्तन पुढे सरकत नसे. अंधश्रद्धा, सावकारी, नवससायास यांची ते जी रेवडी उडवीत, तिच्यात श्रोता स्वतःच सामील असे. श्रोत्याच्या शब्दावर कथा पुढे नेणारा विनोद याहून वेगळा काय असतो?

१०/
आणखी मागे जा. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. गोविंदप्रभूंच्या लीळाही त्यांनीच नोंदविल्या. त्या लीळांतले गोविंदप्रभू लहान मुलासारखे वागतात, पाहणाऱ्याला चक्रावून टाकतात, आणि तरीही भक्तांच्या मनातील त्यांचे स्थान तसूभरही ढळत नाही. मराठी गद्याच्या पहाटेलाच वऱ्हाडात हसू आणि श्रद्धा एका ओसरीवर बसलेली दिसतात. "थट्टेने श्रद्धा दुखावते" हा आपला अलीकडचा हळवेपणा आहे.

११/
आता कथेचे साचे. 'चांदोबा' वाचून वाढलेल्या प्रत्येकाला विक्रम आणि वेताळ ठाऊक आहेत. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. पुन्हा स्मशान, पुन्हा झाड, पुन्हा खांद्यावर ओझे. चुकले की आरंभापासून सुरुवात, ही टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरची रीत आपल्या आज्यांनी अंगणात सांगितलेली आहे.

१२/
आणि भुयार? अमरावतीच्या अंबादेवी मंदिरापासून कौंडिण्यपूरपर्यंत भुयार असल्याची आख्यायिका अमरावतीत कुणालाही विचारा. रुक्मिणीहरणाच्या कथेशी ती जोडलेली आहे. चिखलदऱ्याला भीम आणि कीचकाची कथा आहे. नरनाळ्यावर नऊगजी तोफ आहे. मूर्तिजापुराहून यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' होती. क्राउथरकडे एक गुहा होती. आपल्याकडे अख्खा नकाशा तयार आहे.

१३/
म्हणजे विनोद होता, संवाद होता, अद्भुत होते, भूगोलही होता. मग खेळ का जन्मला नाही? "यंत्रेच नव्हती" हे उत्तर पुरेसे नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचू लागले. १९८६ पासून 'डेसिबेल्स' कंपनीने सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती भारतात विकली. यंत्रे थोडी होती, महाग होती, पण होती.

१४/
खरी अडचण यंत्राच्या पडद्यात होती. स्पेक्ट्रमचा पडदा ३२ स्तंभ आणि २४ ओळींचा. प्रत्येक अक्षराला ८ गुणिले ८ ठिपक्यांचे घर. आता त्या घरात 'र्ती' बसवून पाहा. वर रफार आणि वेलांटीसाठी दोन रांगा, शिरोरेषेला एक, खाली उकारासाठी दोन. अक्षराच्या देहाला उरतात तीन. अक्षरचित्रे बदलण्याची सोय त्या यंत्रात होती, पण जोडाक्षरांची आणि मात्रांची गर्दी त्या आठ ठिपक्यांत वाचनीय राहिली नसती. रोमन लिपीला ते घर प्रशस्त होते. आपल्या लिपीला ती कोंडवाड्याची खोली होती.

१५/
दुसरी अडचण व्याकरणाची. त्या काळचे साधे पार्सर पहिला शब्द क्रियापद आणि दुसरा नाम असे धरून चालत, आणि शब्दाची पहिली चार-पाच अक्षरेच तपासत. मराठीत क्रियापद शेवटी येते. शिवाय नामाला विभक्ती लागली की त्याचे रूप बदलते : दिवा, दिव्याने, घोडा, घोड्यावर. 'विहीर' आणि 'विहिरीत' यांत तर दुसऱ्याच अक्षराची वेलांटी ऱ्हस्व होते. इंग्रजीसाठी शिवलेला अंगरखा आपल्याला आखूड पडणारच होता. यात आपल्या भाषेचा दोष नव्हता.

१६/
१९८३ हे साल पाहा. त्या वर्षी वेल्समध्ये 'क्विल' निघाले. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. आणि त्याच सुमारास आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी संगणकाचे काम आकाराला आले, ज्यातून पुढे पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' तंत्र फुलले. या तीन घटनांची एकमेकींशी गाठ कधी पडली नाही. ती पडली असती तर आज हा धागा लिहावा लागला नसता.

१७/
पण ही सबब केव्हाच संपली. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक ठरले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. आज खिशातल्या फोनवर 'र्ती' निमूटपणे उमटते. २००९ सालापासून 'ट्वाइन' हे मोफत साधन उपलब्ध आहे. त्यात निवडीच्या कथा रचायला प्रोग्रामिंग जवळजवळ लागतच नाही आणि देवनागरी चालते. यंत्राने दार उघडून आता तीन दशके लोटली. आपण अजून उंबऱ्यावर का थबकलो आहोत?

१८/
कारण कटू आहे. वऱ्हाडी बोलीने हसवावे हे आपल्याला चालते, पण वऱ्हाडी माणसाने हसावे हे चालत नाही. नाटक-सिनेमांत वऱ्हाडी अनेकदा गड्याच्या, भोळसटाच्या, बावळटाच्या तोंडी घातली जाते. तिथे विनोदाचा विषय प्रसंग नसतो, बोलणाऱ्याचा उच्चार असतो. ही टवाळी आहे, विडंबन नव्हे. विडंबन बलिष्ठाच्या पोशाखाला हात घालते. टवाळी दुबळ्याच्या जिभेला चिमटा काढते. टवाळी ऐकत मोठी झालेली मुले पुण्याला शिकायला गेली की पहिल्याच महिन्यात 'मले' सोडून 'मला' म्हणू लागतात, त्यात नवल ते काय?

१९/
टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर हे नाते उलटे करू शकते, म्हणून मला त्याची ओढ आहे. या खेळात एक वाक्य वारंवार येते : "तुझे म्हणणे मला समजले नाही." हे यंत्र म्हणते. आता कल्पना करा, यंत्र वऱ्हाडी आहे. 'काऊन', 'कोठी', 'घेजो', 'पाहजो' त्याला सहज समजते. प्रमाण मराठीत टंकणाऱ्या शहाण्याला मात्र ते सांगते : "मले समजलं नाई, बावा." ज्याची बोली आजवर हसण्यावारी नेली गेली, त्याच्यासाठी दार उघडते. बाकीच्यांनी ती बोली शिकून यावे.

२०/
नमुना म्हणून चार ओळी मी योजून पाहिल्या.
खेळाडू : तोफ घे.
यंत्र : नऊ गजाची हाये. पहिले जेवून येजो, मंग पाहू.
खेळाडू : भुयारात जा.
यंत्र : अंधार हाये. दिवा घेजो.
खेळाडू : वेताळाला उत्तर दे.
यंत्र : उत्तर बराबर हाये, पण पाच वाजले, खिडकी बंद झाली. वेताळ झाडावर गेला. उद्या येजो.
वेताळाच्या जागी सरकारी खिडकी बसताच जुन्या कथेला नवा दंश येतो. हसू खेड्यातल्या माणसावर येत नाही, त्याला फेऱ्या मारायला लावणाऱ्या व्यवस्थेवर येते.

२१/
"अशा खेळांनी बोली वाचते होय?" एकट्या खेळाने कुठलीच बोली वाचत नाही. पण खेळ रचताना काय करावे लागते ते पाहा. एकाच कृतीसाठी लोक कोणकोणते शब्द वापरतात त्यांची यादी करावी लागते. अकोटचा माणूस काय म्हणेल, वरुडचा काय, धारणीचा काय, हे विचारत फिरावे लागते. 'ळ'च्या जागी 'य' म्हणणाऱ्याचा 'डोया' यंत्राला शिकवावा लागतो. संग्रहालयातला बोलीकोश कुणी उघडला तरच बोलतो. हा कोश प्रत्येक ओळीला उलट बोलेल.

२२/
"देवस्थाने, संत यांची थट्टा झाली तर?" प्रश्न रास्त आहे. उत्तर गाडगेबाबांनी देऊन ठेवले आहे. त्यांनी श्रद्धावंताला जवळ घेतले आणि त्याला लुबाडणाऱ्याला झोडपले. भुयाराच्या खेळात अंबादेवीला धक्का लावण्याचे कारण नाही. हसायचे ते गुप्तधनाच्या नादाने खड्डे खणणाऱ्यावर आणि त्याला नकाशा विकणाऱ्या भोंदूवर. लक्ष्य कोण हे ज्याला ठरवता येत नाही, त्याने विडंबनाच्या वाटेला जाऊ नये.

२३/
एक गोष्ट मात्र इंग्रजांकडून मुकाट्याने शिकावी : जपणूक. पोरासोरांच्या कॅसेटवरचे खेळ त्यांच्या हौशी मंडळींनी सांभाळले. १९९५ पासून 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम'सारख्या संग्रहातून ते कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे १९९० च्या दशकात संगणकावर जुळवलेला कितीतरी मराठी मजकूर तेव्हाच्या खासगी फॉन्टांत अडकून पडला आहे. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडतो. शाळेची स्मरणिका, गावच्या मंडळाचा दिवाळी अंक, कुणाचा कवितासंग्रह, सारे त्यातच. ज्यांच्या कपाटात अशा फ्लॉपी आणि सीडी आहेत त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

२४/
आता मागणी. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. अमरावती विद्यापीठ गाडगेबाबांचेच नाव मिरवते, आणि तिथे मराठी व संगणकशास्त्र असे दोन्ही विभाग आहेत. या दोन विभागांतील विद्यार्थ्यांनी एका सत्रात एक छोटा खेळ करावा : वीस ठिकाणे, शंभर-दीडशे शब्द, वऱ्हाडी पार्सर. अकोल्यातील महाविद्यालयांनी नरनाळा घ्यावा, अमरावतीने भुयार घ्यावे. इमारत नको, निधीची वाट पाहणे नको. शाळकरी पोरांनी १९८५ साली जे घरी बसून केले ते आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जमणार नाही, असे कुणी म्हणू शकेल काय?

२५/
३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला, सोहळे झाले, भाषणे झाली. पण अभिजातपणाचा मान राखायचा तर त्याच भाषेतल्या वऱ्हाडी नातीला पंगतीत पाट द्यावा लागेल. कोल्हटकरांनी विडंबनाला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली ती याच मातीत राहून. त्यांच्या जिल्ह्यांतल्या मुलीने उद्या 'दिवा घेजो' असे टंकावे, यंत्राने तिचे म्हणणे पहिल्या फटक्यात समजून घ्यावे आणि वर एखादा टोमणा मारावा, एवढे तरी आपण करू या.

(धागा समाप्त. आपल्या गावात हाक मारण्याचे, नकार देण्याचे, थट्टा करण्याचे जे वऱ्हाडी शब्द आहेत ते खाली लिहा, गावाच्या नावासह. पार्सरला शब्दसाठा लागेलच.)